चार महिने चेंडू हातात नको

"ताई, मुलाला चौदावं लागलंय. बेसबॉल खेळतो, पिचर आहे, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. गेल्या वर्षीपर्यंत समोरची मुलं त्याला घाबरायची, यंदा कुणीही मारतं. रडार गनवर ताशी ६२ मैलांच्या पुढे आकडा सरकत नाही. कोच म्हणतात, हायस्कूल टीमच्या ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, ७० तरी हवा. हिवाळाभराचा इनडोअर क्लास लावलाय, वजनाच्या चेंडूंचा सेट मागवलाय, त्यात दोन पौंडांचाही एक आहे. वेग लवकर वाढायला आणखी काय करावं?"

टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून एका बाबांचं हे पत्र आलंय. त्यात आणखी तीन प्रश्न आहेत. शाकाहारी घरात प्रथिनं कशी पुरवायची, शनिवारची मराठी शाळा बुडते तिचं काय, आणि नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजींनी या सगळ्याला विरोध केलाय, त्यांना कसं समजवायचं. त्यांच्याकडे येईन. पण बाबा, तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, क्लासच्या फीच्या हिशेबाखाली एक वाक्य आहे. तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडले.

"मॅचनंतर गाडीत थोडा वेळ कोपर धरून गप्प बसतो, पण तक्रार कधी करत नाही, त्या बाबतीत खंबीर आहे."

हे खंबीरपण नाही हो. त्याचं कोपर दुखतंय. तुमच्या पत्रात एवढीच एक तातडीची गोष्ट आहे आणि तुम्ही ती कौतुक म्हणून लिहिली आहे.

मी हे अधिकाराने बोलते कारण हे आमच्या घरात घडलंय. आम्ही तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियात होतो. तिथे बर्फ नाही, त्यामुळे बेसबॉलला सुटीही नाही. धाकटा बारा-तेरा वर्षांचा असताना दोन टीममधून पिचिंग करायचा. त्या वर्षी तो जेवायला बसला की पोळी गुंडाळी करून मागायला लागला. ताटातली पोळी एका हाताने तोडून भाजीला लावणं त्याने सोडूनच दिलं. मला वाटलं, इथल्या मुलांसारखा रॅप खायची सवय लागली. मी तूप लावून गुंडाळ्या करून देत राहिले. चार महिन्यांनी कळलं की पोळी तोडताना बोटांनी जो पीळ द्यावा लागतो, त्याने त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला कळ यायची. डॉक्टरांनी दोन्ही कोपरांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावून दाखवले. उजव्या कोपरातली फट डाव्याहून रुंद झाली होती.

या वयात हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते, एक्स-रेमध्ये तीच फटीसारखी दिसते. मोठ्या माणसाच्या कोपरावर ताण आला तर आधी लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा, कुरकुरतं. वाढत्या मुलात लिगामेंटपेक्षा ही कूर्चा कच्ची असते, म्हणून ओढ तिच्यावर पडते. डॉक्टर त्याला 'लिटल लीग एल्बो' म्हणतात. खांद्यातही असाच प्रकार होतो. वेळेवर थांबलं तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. थांबलं नाही तर हाडाचा तुकडा निघू शकतो.

एक काळजी आधी दूर करते. तुमचा मुलगा मंदावलेला नाही. लिटल लीगच्या, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलच्या, छोट्या मैदानावर पिचर फलंदाजापासून ४६ फुटांवर उभा असतो. मोठ्या मैदानावर तेच अंतर ६० फूट ६ इंच होतं. लांबून आलेल्या चेंडूला फलंदाजाला जास्त वेळ मिळतो. ४६ फुटांवरून ६२ मैलांनी टाकलेला चेंडू त्याला जितका वेळ देतो, तितकाच कमी वेळ आता द्यायचा तर ८१-८२ मैलांनी टाकावा लागेल. चौदाव्या वर्षात तेवढा वेग जवळपास कुणाकडेच नसतो. मैदान वाढलंय आणि मुलगा अजून वाढतोय, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुम्ही लिहिलेला शनिवार-रविवार पाहू. ट्रॅव्हल टीम म्हणजे बाहेरगावी सामने खेळणारी निवडक टीम, रेक लीग म्हणजे गावातली हौशी लीग, आणि कॅचर म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. "शनिवारी ट्रॅव्हल टीमसाठी साधारण ७० पिच, रविवारी रेक लीगसाठी दोन-तीन इनिंग, मधल्या वेळात गरज पडली तर कॅचर." मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांची 'पिच स्मार्ट' नावाची नियमावली आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच टाकावेत, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढचे चार दिवस माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, जाऊ नये, असं ती सांगते. म्हणजे तुमच्या शनिवारनंतर बुधवार संपेपर्यंत हात मोकळा हवा होता. पिचिंग न करताना कॅचर होऊ नये, हेही तिथे लिहिलंय, कारण कॅचरही दर चेंडू परत फेकतच असतो. दोन्ही कोच भले असतील, पण प्रत्येक जण आपापल्या टीमचेच पिच मोजतो. दोन्ही मैदानांवर हजर असलेला माणूस एकच आहे, तो म्हणजे तुम्ही. हिशेब तुम्ही ठेवला नाही तर कुणीच ठेवत नाही.

आणि त्याच नियमावलीतलं मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्या आईबापाला सांगते आहे: वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन सलग, आणि त्या सलग काळात खांद्यावरून काहीच फेकायचं नाही. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, विमानतळावरच्या रांगेत, कुठेही विषय निघाला की मी हेच सांगते. अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटने शस्त्रक्रिया झालेल्या पौगंडवयीन पिचरांची तुलना न झालेल्यांशी केली होती. वर्षात आठ महिन्यांहून जास्त स्पर्धात्मक पिचिंग करणाऱ्यांना शस्त्रक्रियेचा धोका पाच पट निघाला. हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांना ३६ पट. हा छत्तीसचा आकडा फ्रिजवर लावा.

मग वजनाचे चेंडू. नेहमीचा चेंडू पाच औंसांचा, तुमचा सेटमधला दोन पौंडांचा, म्हणजे सहा पटींहून जड. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ ते १८ वयाच्या मुलांना सहा आठवडे असा कार्यक्रम दिला होता. वेग सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास वाढला. ६२ चे ६४ झाले असं समजा. आणि त्या गटातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मुलांना दुखापत झाली, ज्यांनी हे चेंडू वापरले नाहीत त्यांच्यात एकालाही नाही. दोन मैलांसाठी चारात एक कोपर! सेट परत पाठवा. मुदत संपली असेल तर गराजमध्ये वर ठेवून द्या, दुसऱ्या कुणाच्या मुलाला देऊ नका.

"काही झालंच तर टॉमी जॉन सर्जरी असतेच, उलट नंतर वेग वाढतो म्हणतात," असं तुम्ही कंसात लिहिलंय. बाबा, इथे मला तुमचा राग आला. टॉमी जॉन हा लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमचा पिचर. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला, तेव्हा तो ३१ वर्षांचा होता आणि मेजर लीगमधली, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमधली, कित्येक वर्षं त्याच्या मागे होती. आज तीच शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांत शाळकरी मुलं आहेत. अमेरिकेतल्या २००७ ते २०११ या काळातल्या विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा निम्म्याहून जास्त रुग्ण १५ ते १९ वयाचे निघाले. सुधारतं ते कोपर. वेग वाढलेला दिसतो तो वर्षभर पाय आणि कंबर घोटून घेतल्यामुळे, आणि ते सुरी न लावताही करता येतं.

कारण वेग हातात नसतोच. माझे आजोबा बार्शीकडचे. ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे. मी लहानपणी गोफण घेतली की सगळा जोर मनगटात लावायची आणि गुंडा दहा पावलांवर पडायचा. आजोबा म्हणायचे, "पाय रोव, कंबर फिरव, हात आपसूक येतो." त्यांचा गुंडा अख्खं शेत ओलांडून जायचा आणि हात सैल दिसायचा. पिचिंगचं अगदी तेच आहे. मागच्या पायाने जमीन रेटायची, पुढचं पाऊल स्वतःच्या उंचीच्या सुमारे ऐंशी टक्के लांब टाकायचं. आधी कंबर वळते, छाती क्षणभर मागे राहते, मग छाती, मग खांदा, शेवटी कोपर आणि बोटं. कंबर आणि छाती एकदमच वळली तर पायातली ताकद वाया जाते आणि ती भरून काढायला बिचारं कोपर राबतं. म्हणून विश्रांतीच्या महिन्यांत पायांचं काम करा: बैठका, पायऱ्या, उड्या, एका पायावरचा तोल. सॉकर, म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल, खेळू दे. बॅडमिंटन आणि टेनिस नको, तेही खांद्यावरूनच मारतात. नऊ तास झोप. आणि उंची वाढू द्या, या वयात वेगाला दुसरं कशाने इतकं बळ मिळत नाही.

तो सांगत का नाही, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगते. माझ्या मुलाने मला ते पंचविशीत सांगितलं. "आई, बाबा बाकी कुठेच मोकळे नसायचे. ऑफिसच्या पार्टीत कोपऱ्यात उभे असायचे. पण मॅचला बाकीचे डॅड त्यांना हाक मारायचे, खुर्ची सरकवायचे, ते मोठ्याने हसायचे. मी पिच करत होतो म्हणून ते होतं." तेरा वर्षांचं पोर बापाच्या हसण्यासाठी कोपर दुखवून घेत होतं. माझ्या नवऱ्याने हे ऐकलं आणि तो उठून अंगणात गेला. तुम्हीही लिहिलंय, "या टीममुळे इथे आमचे पहिले खरे अमेरिकन मित्र झाले." मला कळतं ते. आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या दाराबाहेर बराच वेळ उभे राहिलो आहोत, आणि दार मुलाने उघडलं की फार बरं वाटतं. पण तो न फेकताही तुमची खुर्ची तिथे राहील. तीन महिने डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बाकावर, बसून स्कोअर लिहिणाऱ्या मुलाचे वडीलही त्या रांगेत बसतात. आणि आज रात्री त्याला हे स्वतःच्या तोंडाने सांगा: दुखतंय म्हणालास तर मला वाईट वाटणार नाही.

मग सोमवारी फोन करा. मुलांच्या खेळातल्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांची वेळ घ्या, दोन्ही कोपरांची तपासणी मागा. तोपर्यंत एकही थ्रो नाही, अंगणात तुमच्याबरोबरसुद्धा नाही. वेदनेची गोळी देऊन मॅचला पाठवणं तर मुळीच नाही. किती आठवडे थांबायचं आणि परत कसं सुरू करायचं, ते डॉक्टर आणि फिजिओ ठरवतील. कोचना दोन ओळींचा निरोप पाठवा, कारणांचा पाढा नको. ते रागावले तर कोपर त्यांचं नाही, तुमच्या मुलाचं आहे, हे ध्यानात ठेवा. ट्रायआउटला अजून अवकाश आहे आणि बरा हात घेऊन ६४ ने टाकणारा मुलगा, दुखरा हात लपवून ६८ ने टाकणाऱ्यापेक्षा मला कधीही चालेल.

उरलेले प्रश्न. प्रथिनं: वरण, उसळ, दही, पनीर, चालत असतील तर अंडी, आणि हे दिवसातून तीन-चार वेळा. डबे भरून पावडर नको. मराठी शाळा: सुटीच्या महिन्यांत शनिवार आपोआप मोकळे होतील, पाठवा.

आणि आजी. "ती म्हणते, पोराचा हात मोडाल. तिला या खेळातलं काही कळत नाही." बाबा, तिने नातवाला गाडीत कोपर धरून बसलेलं पाहिलं, तिला आणखी काय कळायला हवं होतं? तिला समजवायला जाऊ नका. डॉक्टरांकडे जाताना तिलाही बरोबर घ्या. आणि तो परत माउंडवर जाईल तेव्हा तुमच्या आई अजून इथे असतील तर एक दुरेघी वही त्यांच्या हातात द्या. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, दर पिचला एक, दोन्ही टीमचे मिळून. गठ्ठे मोजून त्या हात वर करतील, तेव्हा तुम्ही उठून कोचकडे जा.