इंग्रजीतल्या 'गेट' या शब्दाचे किती अर्थ होतात? सगळ्यांना मिळून मराठीत एकच शब्द का नाही?

प्रश्न दिसला आणि राहवलं नाही. मोजून आकडा सांगत नाही, आणि दार-फाटक तर सगळ्यांना माहितीये, ते सोडा. मी कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीच्या एका फौंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतून भाग (कास्टिंग) बनवायच्या कारखान्यात, फेटलिंगचा, म्हणजे ओतलेले भाग तोडून-घासून साफ करायच्या खात्याचा, सुपरवायझर होतो, बावीस वर्षं. आमच्याकडे दिवसभर गेट गेट चालायचं आणि त्यात दार कुठंच नव्हतं.

वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड, चौदाशे डिग्रीच्या आसपास, ज्या तोंडातून शेवटी कास्टिंगच्या पोकळीत शिरतं ते आमचं गेट. वरून ओतायची नळी ती स्प्रू, तिथून आडवी वाट जाते ती रनर, आणि रनरला फुटलेली ही गेटं. थंड झालं की सगळं एकमेकांना चिकटूनच वाळूतनं बाहेर येतं. गेट कास्टिंगला जिथं लागतं तिथं मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं, बरोबर बाजूनं हातोडा बसला की टचकन तुटतं. चुकीच्या बाजूनं मारलं की कास्टिंगचा लचका घेऊनच निघतं, मग ते कास्टिंग स्क्रॅप. तुटलेली गेटं, रनर परत भट्टीत.

आता मूळ दुखणं. २००८ साली कंपनीत सेफ्टी ऑडिट होतं म्हणून एचआरच्या साहेबांनी इंग्रजी सूचना बाहेरून कुणाकडनं तरी मराठीत करून आणल्या, न वाचता बोर्ड रंगवला आणि फेटलिंगच्या भिंतीवर ठोकला. त्यावर लिहिलेलं, 'प्रवेशद्वार हातोड्याने तोडताना सुरक्षा चष्मा वापरावा. धावपटू वेगळा ठेवावा.' धावपटू म्हणजे रनर बरं का. पोरं आठवडाभर हसत होती, एकानं मेन गेटच्या वॉचमनला जाऊन विचारलं की मामा, तुमचं कधी फोडायचंय. मी साहेबांना सांगितलं की बदला हे, तर म्हणाले, "शब्दकोशात हाच अर्थ आहे, मराठी शुद्ध आहे, तुम्हा लोकांना शुद्ध मराठी कळत नाही." मी खडूनं खाली लिहिलं 'गेट फोडताना चष्मा लावा रे', ते दुसऱ्या दिवशी पुसलेलं. अशुद्ध म्हणे.

चार महिन्यांनी कंत्राटातल्या नव्या पोराच्या भुवईला तुकडा लागला, चार टाके. डोळा वाचला, बोटभर खाली असता तर गेला होता. चौकशीत विचारलं बोर्ड वाचला नव्हतास काय, तर तो म्हणाला, "वाचला की, मला वाटलं ते वॉचमनला लिवलंय." रिपोर्टात मात्र 'कामगाराने सूचनेचे उल्लंघन केले' असंच गेलं. माझी सही मागितली, मी केली नाही, त्या वर्षी इन्क्रिमेंट नाही.

बाकी अर्थ भराभर सांगतो. पुतण्या इलेक्ट्रॉनिक्सचा, त्याचं गेट म्हणजे अँड, ऑर, नॉट ही लॉजिकची सर्किटं, शिवाय मॉसफेट नावाच्या ट्रान्झिस्टरच्या ज्या पायावर व्होल्टेज देऊन करंट चालूबंद करतात ते पण गेटच. इंजिनिअरिंगची गेट परीक्षा ही नुसती आद्याक्षरं, तिचा दाराशी संबंध नाही. क्रिकेटमध्ये बॅट आणि पॅडमधल्या फटीतनं बॉल गेला की 'थ्रू द गेट'. वॉटरगेट हे वॉशिंग्टनमधल्या इमारतींचं नाव, तिथं १९७२ ला घुसखोरी झाली, १९७४ ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला, तेव्हापासून कुठल्याही भानगडीला गेटचं शेपूट लावतात. इंग्लंडच्या यॉर्क शहरात स्टोनगेट वगैरे गल्ल्या आहेत, तिथं गेट म्हणजे रस्ताच, जुन्या नॉर्स भाषेतनं आलेला.

एकच मराठी शब्द का नाही? कशाला पाहिजे? राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले असं पेपरात येतं तेव्हा कोल्हापुरात कुणी दार बघायला जात नाही, सामान वरच्या माळ्यावर हलवतात. रेल्वेचं ते फाटक. युनियनवाले गेटवर भाषण करतात ती द्वारसभा. ज्याचं काम त्यानं आपला शब्द केला, आणि कास्टिंगच्या गेटला कामगारांनी गेटच ठेवलं, ते मराठीच झालं आता. शब्दकोश उघडून अर्थ मोजत बसण्यापेक्षा ज्याच्या हातात हातोडा आहे त्याला विचारा.

हां, सगळे भाषांतरवाले तसे नसतात, त्या माणसाला बिचाऱ्याला कदाचित फौंड्रीचं आहे हे कुणी सांगितलंही नसेल, चूक साहेबांची. आणि ठोकून तोडायचं मी सांगितलं ते ग्रे आयर्नचं, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाचं, अ‍ॅल्युमिनियमला गेट कापावं लागतं, तिथले लोक इथं येऊन भांडू नका.

तुम्ही यादी करत असाल तर कास्टिंगचं गेट त्यात घाला. समोर प्रवेशद्वार लिहू नका फक्त.