वाचकांचे प्रश्न : यारकंदची वाट आणि लडाखचं पाणी

प्रश्न : लेहहून काराकोरमपलीकडच्या, आता चीनमध्ये असलेल्या यारकंदला जाणारे व्यापारी हिवाळ्यात श्योक नदीच्या पात्रातून जात आणि उन्हाळ्यात उंच खिंडी चढत. हे उलटंच नाही का?

उत्तर : बर्फाकडे पाहिलं तर उलटं, पाण्याकडे पाहिलं तर बरोबर. लेहला पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पडतं. श्योक वाहते ती हिमनद्यांच्या पाण्यावर. थंडीत ती आटते, गोठते, आणि पुन्हा पुन्हा काठ बदलत पात्रातून जाता येतं. ही ‘जमिस्तानी’ वाट. उन्हाळ्यात तीच नदी दरी अडवून बसते. मग ‘ताबिस्तानी’ वाट धरायची (‘ला’ म्हणजे खिंड) : खार्दुंग ला, नुब्रा, सुमारे ५,४०० मीटरवरचा सासेर ला, मुर्गो, देपसांगचं पठार, दौलत बेग ओल्डी आणि ५,५४० मीटरवरची काराकोरम खिंड. तरीही सासेर ला उतरल्यावर सासेर ब्रांग्सा या मुक्कामापाशी श्योक ओलांडणं टळत नसे. हिमनदी पात्रात घुसून नदी अडवते आणि तो बांध फुटतो, ही आणखी वेगळी आफत. १९२९ चा पूर असाच आला.

देपसांगवर खरा प्रश्न चाऱ्याचा. तिथे गवतच नाही, म्हणून तट्टांचा दाणा तट्टांवरच लादावा लागे. सरपण म्हणजे बुर्त्से हे खुरटं झुडूप, तेही सगळीकडे मिळत नाही.

प्रश्न : लडाखच्या ट्रेकमध्ये ओढ्याचं राखाडी पाणी नुसतं उकळून प्यावं का?

उत्तर : आधी निवळू द्या. हा रंग हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठाचा; उकळून तो जात नाही, फिल्टर मात्र तुंबतो. शक्यतो पहाटे पाणी भरा. रात्री वितळणं मंदावतं, त्यामुळे ओढा तेव्हा उथळ आणि बराच स्वच्छ असतो. ओलांडायचा असेल तरी हीच वेळ. दुपारनंतर गुडघाभर पाण्याचं मांडीभर होतं. भांडं रात्रभर ठेवून वरचं पाणी हलकेच ओता, फडक्यातून गाळा, मग तीन मिनिटं खळखळू द्या. ५,००० मीटरवर पाणी सुमारे ८३ अंशांनाच उकळतं. पिण्यासाठी तेवढं पुरतं. डाळीला मात्र कुकरच हवा. क्लोरीनची गोळी थंड, गढूळ पाण्यात मंद काम करते, तेव्हा जास्त वेळ थांबा. वापरलेला फिल्टर रात्री झोपायच्या पिशवीत घ्या. आत पाणी गोठलं की फिल्टरमधल्या बारीक नळ्या तडकतात, आणि ते बाहेरून दिसत नाही.

बर्फ वितळवायचा तर भुसभुशीत हिमापेक्षा घट्ट बर्फ घ्या. तळाशी घोटभर पाणी आधी घाला, नाहीतर भांडं करपतं.

प्रश्न : पँगाँगचं पाणी चालेल?

उत्तर : नाही, ते खारट आहे. त्सो कार या तळ्याचंही तसंच. काठावर पांढरी पापुद्र्यासारखी खपली दिसली की तळ्यात येऊन मिळणारा झरा शोधा आणि वरच्या अंगाला भरा.