हात लागू दे गो

बाय माझी,

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागीच होते, गुडघ्यांमुळे आजकाल झोप कुठे लागते. पण हात जोडलेलं चित्र पाठवून गप्प बसले, कारण एवढी गोष्ट त्या इवल्याशा चौकटीत टाइप करायला मला जमत नाही. मग नवरात्र आलं, दसरा झाला, भात कापणीला आलं आणि आता दिवाळी तोंडावर. आता नाही लिहिलं तर गणपतीत केलंस तेच तू दिवाळीतही करशील. वाचताना राग आला तर येऊ दे.

तू लिहिलं होतंस, "काकी, मुलांसाठी एवढं सगळं केलं पण त्यांना कशाची किंमतच नाही. थँक्यू म्हणायला पण सांगावं लागतं. माझंच काही चुकतंय का?"

चुकतंय. पण तुला वाटतंय ते नाही.

मी तुमच्या पडवीत सुपारी कातरत बसले होते, तिसरा की चौथा दिवस असेल. तू पोराला नवा कुर्ता घालून गणपतीसमोर उभा केलास आणि मोबाईल धरून म्हणालीस, बोल, थँक्यू बाप्पा. पहिल्या वेळी तो हसला, दुसऱ्या वेळी नाक खाजवलं, तिसऱ्या वेळी बरोबर बोलला तर मागून कुकरची शिट्टी झाली, आणि चौथ्या वेळी जो माजघरात पळाला तो कणगीच्या मागे जाऊन बसला. तू रडकुंडीला आलेलीस. भिंतीवर चिकटवलेला तो तक्ता पण बघितला मी, रोज झोपताना तीन गोष्टी सांगायच्या, कशाकशाबद्दल थँकफुल आहोत ते. पोराने सांगितलं वेफर्स, आईचा फोन आणि परत वेफर्स. तुझा चेहरा पडला. मला तर पोरगं खरं बोललं याचंच कौतुक वाटलं. अगो, त्या सात दिवसांत वेफर्सचं पाकीट तेवढं त्याने स्वतःच्या हाताने फोडलं होतं. बाकी कशाला त्याचा हात लागला होता, सांग बघू?

हात लागू दे गो. मला एवढंच सांगायचंय, पण तू हुशार आहेस, एकदा सांगून तुला पटणार नाही, म्हणून परत परत सांगणार.

माटवी बांधत होते, गणपतीच्या डोक्यावरचा तो फळाफुलांचा मांडव, ते आठवतं? तुझी पोरगी कवंडळ घेऊन उभी होती. लालभडक, तिच्या मुठीत मावत नव्हतं, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेलं. कितीतरी वेळ ती तशीच मान वर करून उभी. वरती आंब्याचे टहाळे झाले, शेरवड झाली, हरणाची फुलं झाली, सुपारीची शिपटी बांधून झाली, आणि मग तुझा दीर म्हणाला, "ठेव खाली, फुटात." लगेच तू पण म्हणालीस, ठेव खाली बाळा. का? रानातलं फळ ते, वाडीतल्या पोरांनी चिखल तुडवून आणलेलं, फुटलं असतं तर फुटलं असतं. दिराच्या खांद्यावर बसवायचं तिला, गाठ त्याने मारायची, कवंडळ हिने धरायचं. मग सात दिवस आल्यागेल्याला बोट दाखवून ती सांगत बसली असती, ते माझं. एक कळलावी तेवढी मुलांच्या हातात देऊ नको, ती विषारी असते. अळूलाही नको, खाजेल. पण ऋषिपंचमीला ऋषीची भाजी करतात, तिच्यात कणसं असतात ना, त्यांचे दाणे काढायला काय हरकत होती? आणि दाणे काढता काढता सांगायचं की आज बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं. माझ्या नातवाला सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे आज बैलाची सुट्टी? मी म्हटलं हो. मग उठून गोठ्यात बघून आला खरंच सुट्टी आहे का. आमच्याकडे बैल आता नाहीतच, पॉवर टिलर आहे, तर म्हणाला त्याची पण सुट्टी.

तू म्हणशील काकीचं काय जातंय सांगायला. जातं गो.

1982 साली जानेवारीच्या 18 तारखेला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, दत्ता सामंतांचा, तुझ्या आजेसासऱ्यांकडून ऐकलं असशील. आमचे हे गिरणीत होते. एरवी गणपतीला यायचे ते ट्रंक भरून, नवे कपडे, मिठाईचे बॉक्स, मखराचे रंगीत कागद, फटाके. तेव्हा रेल्वे कुठली, कोकण रेल्वे पुरती सुरू व्हायला 1998 उजाडलं, एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करून यायचं. त्या वर्षी आले ते हातात एक पिशवी, त्यात टॉवेल आणि विड्यांचं बंडल. मुलगा माझा पाचाचा, मुलगी तीनाची. तुझ्या दोघांएवढीच.

मखराला पैसे नाहीत. केळीचे दोन खांब उभे केले आणि पोरांना जुनी वर्तमानपत्रं दिली, म्हटलं कापा झिरमिळ्या. भाताची शितं चुरडून खळ केली. हळदीचं बोट फिरवून फिरवून त्यांनी त्या पिवळ्या केल्या, हात पिवळे, तोंडं पिवळी, मुलीने तर मांजराला पण पिवळं केलं. झिरमिळ्या वाकड्यातिकड्या, एकीवर कुठल्यातरी पुढाऱ्याचं अर्धं तोंड. लाज वाटत होती मला, भजनाला माणसं येणार, बघणार. भजन्यांना दरवर्षी उसळ-पाव असायचा, त्या वर्षी गुळाचा कोरा चहा दिला. बुवा चहा पिताना वर बघून म्हणाले, "मखर कोणी केल्यान?" आणि माझी दोघं अशी पुढे आली, छाती काढून, जसं काय राजवाडा बांधलाय.

माझा मुलगा आता 48 वर्षांचा आहे. त्याच्या पोरांना गावच्या गणपतीची गोष्ट सांगतो ती त्याच वर्षाची. नंतरच्या तीसेक गणपतींतलं त्याला धड काही आठवत नाही. आणि ते सगळे मी केलेले. मी एकटीने. पुढे ह्यांनी गावात दुकान टाकलं, दोन पैसे आले आणि मी शहाणी झाले. एकवीस मोदक, एकाची कळी दुसऱ्यापेक्षा कमीजास्त नाही. बायका बघायला यायच्या. पोरं आत डोकावली की मी ओरडायची, लुडबुड नको, सोवळ्यात आहे मी, बाहेर खेळा. खेळली बाहेर. मोठी होऊन आणखी बाहेर गेली.

आता माझी पण बाजू ऐक. घरात सतरा पानं, चूल एक, लाकडं ओली, सासूबाई उंबऱ्यात बसून मीठ किती घातलंस ते विचारणार. पोराच्या हाताने मोदक करवून घ्यायला वेळ होता कुणाला? आणि बिघडलं असतं तर बोलणी मलाच बसली असती, पोराला नाही. म्हणजे मी अगदीच चुकले असं नाही. चुकले. पण अगदीच नाही. जाऊ दे.

ह्या वर्षी मुलगा आला, दीड दिवस. पहाटे मी उकड मळत होते तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, केस पिकलेत आता त्याचे, आणि म्हणाला, "आई, मी काय करू?" माझ्या तोंडातून काय निघालं माहितीये? "काही नको, तू बस." चाळीस वर्षं तेच वाक्य. तो बसला. फोन काढला. आणि दुपारी मी सुनेजवळ कुरकुर केली की ह्याला घरचं काही पडलेलं नाही.

म्हणून तुला सांगतेय. तुझा अजून पाचच वर्षांचा आहे.

मोदक नको जमू दे त्याला. कळ्या तुला पण जमत नाहीत, बघितलंय मी, चून, ते आतलं सारण, बाहेर येतं तुझ्या मोदकातलं. पण उकड उरते ना, तिच्या निवगऱ्या करतात, मिरची-जिरं वाटून घालायचं, मुलांच्यात मिरची कमी, आणि गोळा घेऊन थापायचा चपटा. चपटं करायला कोणाला जमत नाही? हळदीच्या पानावर ठेवून वाफवायला लाव. त्याच्या बोटांचे ठसे उमटतात त्याच्यावर, वाफवल्यावर पण राहतात. ती निवगरी त्यानेच आजोबांच्या पानात वाढायची. वेळ लागेल, उकड जमिनीवर पडेल, कुर्ता खराब होईल. कुर्ता काढून ठेव ना, कोण येतंय फोटो काढायला?

आणि थँक्यूचं एवढं काय घेऊन बसलीस. आपल्यात थँक्यू कोण म्हणायचं? माझ्या सासूला मी थँक्यू म्हटलं असतं तर ती म्हणाली असती हिला ताप आलाय का. पण शेजारून आलेलं भांडं रिकामं परत गेलेलं मी ह्या वाडीत बघितलं नाही. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालून पाठवतील. तुला आठवतं का, गौरीच्या दिवशी मी घावन-घाटलं पाठवलं होतं तुमच्याकडे, आणि ती वाटी परत कोण घेऊन आलं? तुझा पोरगा. तू कामात होतीस, तुला पत्ताच नव्हता. तुझ्या सासूने वाटीत दोन करंज्या घातल्या आणि दिली त्याच्या हातात. तो खळं ओलांडून आला, चिखल, वाटी दोन्ही हातांत, नजर वाटीवरच, एक पाऊल टाकायचा आणि थांबायचा. माझ्या पायरीपर्यंत यायला त्याला पाच मिनिटं लागली असतील. एक करंजी पडली होती वाटेत, ती उचलून परत वाटीत ठेवलेली, मातीसकट. "काकीआजी, ही पडलेली मी खातो, तुम्ही ही घ्या." हे कोणी शिकवलं त्याला? तक्त्याने? मी दोन्ही घेतल्या, मातीवाली धुऊन खाल्ली. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं, पण तू रात्री त्या वेफर्सवरून रडलीस म्हणून राहून गेलं.

विसर्जनाला मात्र मला तुझा राग आला होता, ते पण लिहिते. घरात गाऱ्हाणं घालत होते, चूकभूल झाली असेल ती पोटात घाल, पोराबाळांना सुखी ठेव, आणि सगळे म्हणत होते व्हय म्हाराजा. तुझी धाकटी मधेच, कोणाचं काही सुरू नसताना, किंचाळली, "व्हय म्हाराजा!" सगळे हसले. गाऱ्हाणं घालणारे पण हसले. आणि तू तिचं तोंड दाबलंस. तिने एवढा सूर धरलेला गो! सात दिवस तिला ह्या घरात कोणी काही विचारलं नव्हतं, तिथे तिला कळलं की इथे आपण पण ओरडायचं असतं. ओरडू द्यायचं. वेळ चुकली म्हणून काय देव परत जातो?

खाडीवर मूर्ती पाण्यात गेली तेव्हा पोरगा रडायला लागला, तर तू त्याला लगेच आइस्क्रीमचं आमिष दाखवलंस. रडू दे ना. पाटावर थोडी वाळू घेऊन परत यायचं असतं, ती त्याच्या मुठीत द्यायची, सांगायचं ही घरी न्यायची, सांडायची नाही. रडायचा थांबला असता. आणि नसता थांबला तरी हरकत नव्हती, गणपती गेल्यावर घर ओकंबोकं होतंच, मला पण रडू येतं, मी गोठ्याच्या मागे जाऊन रडते इतकंच.

तर आता दिवाळी. तुमची डोंबिवलीत, दोन खोल्यांत, मला माहितीये, अंगण नाही, तुळस खिडकीत. ती पस्तीस वातींची सजावट, फराळाचे बॉक्स, सोसायटीची रांगोळी स्पर्धा, ह्यातलं निम्मं सोड. एवढं केल्यावर तू दमतेस, मग चिडतेस, आणि मग मुलांना वाटतं सण म्हणजे आई चिडते तो दिवस. फार तर एक पदार्थ कर. पण तो त्यांच्या हाताचा. चतुर्दशीच्या सकाळी पोहे कर, गूळपोहे, त्याला शिजवायला पण लागत नाही, गूळ-खोबरं पोरांना कालवू दे, परातीच्या बाहेर जाईल, जाऊ दे. परत सांगतेय, हात लागू दे.

आमच्या वाडीतला एक जण परवाच्या गाडीने येतोय, त्याच्याबरोबर पिशवी पाठवतेय. त्यात नव्या भाताच्या लोंब्या आहेत, आमच्याकडे दसऱ्याला दारावर बांधतात, तुमचा दसरा गेला पण तू आता बांध, दार तेच आहे. पाच किलो पोहे आहेत, लाल, नव्या भाताचे, डंकावर कांडून आणलेत. वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन कारीटं आहेत. ती बेसिनमध्ये ठेवून तू सुरीने कापू नको म्हणजे झालं. पहाटे आंघोळीआधी तुळशीची कुंडी खाली घे, पोरांना उभं कर, डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचं आणि मोठ्याने ओरडायचं, गोविंदा. खालचे शेजारी काही म्हणाले तर म्हणू दे. मग रस जिभेला लावतात. कडू जहर असतं. पोरगा थुंकेल, पोरगी भोकाड पसरेल. तिसरं कारीट तुझं आहे.

तुझी,
काकी