मेक्सिकन कलेकडे वळणाऱ्या अभ्यासकास

मेक्सिकन कलेचा इतिहास शिकून संग्रहालयात काम करण्याचे तुम्ही ठरवले असेल, तर आधी स्पॅनिश पक्के करावे, कारण उत्खननाचे अहवाल आणि जुन्या संग्रहनोंदी यांचा मोठा भाग इंग्रजीत उतरलेलाच नाही. नाहुआत्ल, म्हणजे स्पॅनिशांपूर्वी मध्य मेक्सिकोवर राज्य करणाऱ्या अझ्टेक लोकांची भाषा, नंतर शिकली तरी चालते.

मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात (ते 1964 साली खुले झाले) सारी गर्दी सूर्यशिला या प्रचंड कोरीव अझ्टेक चक्राकार शिळेपाशी असते. तुम्ही मात्र क्वात्लिक्वे या अझ्टेक देवीच्या मूर्तीसमोर तासभर उभे राहावे. समोरासमोर आलेली दोन सर्पमुखे मिळून तिचा चेहरा होतो, कमरेला विणलेल्या सर्पांचे वस्त्र आहे, आणि तळाशी, जिथे कोणाचीही नजर पोहोचणार नाही अशा जागी, भूमिदेवतेचे शिल्प कोरलेले आहे. 1790 मध्ये मुख्य चौकात सापडलेली ही मूर्ती विद्यापीठाच्या आवारात पुन्हा पुरली गेली आणि जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व प्रवासी हम्बोल्टला पाहता यावी म्हणून उकरण्यात आली. माझ्या मते संग्रहालयशास्त्राचा खरा अभ्यास या दुसऱ्या आयुष्यापासून सुरू होतो, शैलीच्या वर्गीकरणापासून नव्हे.

वस्तू देशाबाहेरील संग्रहात असेल, तर ती केव्हा आणि कशी बाहेर गेली हे प्रथम तपासावे. मेक्सिकोच्या 1972 च्या कायद्याने पुरातत्त्वीय वस्तू राष्ट्राची मालमत्ता ठरवल्या आहेत. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराची मेक्सिको सिटीच्या शिक्षण मंत्रालयातील भित्तिचित्रे मात्र छायाचित्रांवरून अभ्यासू नयेत. अंगणातून चालताना, जिने चढताना ती कशी उलगडतात हे तिथेच कळते.