उरलेल्या लोकरीचे क्रोशाचे पांघरूण होईल का?

आपण विचारले आहे की, बाळाचे स्वेटर, टोप्या आणि एक शाल विणून झाल्यावर वेगवेगळ्या रंगांची आणि जाडीची साधारण ६०० ग्रॅम लोकर पिशवीत उरली आहे. तिचे क्रोशाचे पांघरूण होईल का, आणि झालेच तर ते ठिगळे लावल्यासारखे तर दिसणार नाही ना. पांघरूण नक्की होईल. मात्र सुई हातात घेण्यापूर्वी एक संध्याकाळ लोकर निवडण्यात घालवावी आणि ज्या लहान चौकोनांचे पांघरूण जोडायचे त्या सगळ्यांना बांधून ठेवणारा एक रंग आधीच बाजूला काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. उरलेल्या लोकरीची कामे फसतात ती बहुधा या दोन गोष्टी राहून गेल्यामुळे.

निवडताना रंग सगळ्यांत शेवटी पाहावा. आधी पाहायचे ते लोकर कशाची आहे. आपण सरसकट सगळ्याच गुंड्यांना लोकर म्हणतो, पण त्यांत खरी लोकर, अॅक्रिलिक आणि सूत असे तिन्ही प्रकार असू शकतात. माझ्या पहिल्या पांघरुणात मी खऱ्या लोकरीचे काही चौकोन अॅक्रिलिकच्या चौकोनांमध्ये बसवले होते. एका गरम धुण्यात खरी लोकर आटली, नमद्यासारखी घट्ट झाली, आणि शेजारचे चौकोन तिच्याभोवती चुण्या पडून ओढले गेले. ते पुन्हा सरळ झाले नाहीत. गुंड्यावरची चिठ्ठी हरवली असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून, जवळ पाण्याचे भांडे ठेवून, जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की ती विझते आणि राख बोटांनी चुरडली जाते; सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते; अॅक्रिलिक वितळते आणि टोकाला कडक मणी धरते. ज्या प्रकारची लोकर सर्वांत जास्त निघेल तिचेच पांघरूण करावे. सूत निघाले तर ते गरम भांडी धरण्याच्या जाड चौकोनांसाठी ठेवावे. त्या कामाला अॅक्रिलिक कधीही वापरू नये, कारण ते उष्णतेने वितळून हाताला चिकटू शकते.

त्यानंतर जाडी. पट्टीवर अडीच सेंटिमीटर अंतरात धाग्याचे वेढे न ताणता, एकमेकांना लागून घ्यावेत आणि मोजावेत. ज्या गुंड्यांच्या वेढ्यांत एकदोनाचाच फरक आहे ते बिनदिक्कत एकत्र विणता येतात. बाळाच्या कपड्यांची बारीक लोकर बहुधा वेगळी पडेल, पण ती टाकून द्यायची नाही: १६ वेढ्यांचे दोन धागे एकत्र धरले की ते ११ वेढ्यांच्या एका धाग्याच्या जवळपास येतात. दोन निरनिराळ्या रंगांचे बारीक धागे असे जोडीने विणले की जी मिसळ तयार होते, ती मला तयार मिळणाऱ्या बहुरंगी लोकरीपेक्षा अधिक आवडते.

विणण्यासाठी ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे मध्यापासून बाहेर एकेका फेरीने वाढत जाणारा क्रोशाचा चौकोन, घ्यावा. १८८५ मध्ये अमेरिकेतल्या एका शेतीविषयक साप्ताहिकात या चौकोनाचा नमुना छापून आला, तोही उरलेल्या लोकरीच्या उपयोगासाठीच होता. हा चौकोन या कामाला इतका सोयीचा का, ते खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, मोजले की कळते. तीन खांबांचे गट करत गेल्यास पहिल्या फेरीत १२ खांब येतात, दुसरीत २४, तिसरीत ३६ आणि चौथीत ४८. म्हणजे अगदी लहान तुकडा मध्यभागी खपतो, त्याहून मोठा त्याच्याबाहेर, आणि एकूण १२० खांबांपैकी ४८, म्हणजे पाचांत दोन हिस्से, एकट्या शेवटच्या फेरीत जातात. ही शेवटची फेरी प्रत्येक चौकोनाला एकाच रंगाची घातली की आतले रंग कितीही वेगळे असले तरी सगळे पांघरूण एका हाताने, एका विचाराने विणल्यासारखे दिसते. आपल्याला वाटणाऱ्या ठिगळांच्या भीतीवर माझ्याजवळ हेच उत्तर आहे. गडद निळा किंवा राखाडी रंग असेल तर तो निवडावा. आतल्या फेऱ्यांची रंगसंगती फार ठरवत बसू नये, फक्त लागून येणाऱ्या दोन फेऱ्यांत एक फिका आणि एक गडद रंग असावा. शंका आल्यास गुंड्यांचा कृष्णधवल फोटो काढून पाहावा, त्यात फिके-गडद लगेच वेगळे दिसते.

आता हिशेब. एक चौकोन पूर्ण विणून वजनकाट्यावर ठेवावा. तो समजा १० सेंटिमीटरचा आणि ९ ग्रॅमचा भरला, तर सात गुणिले सात अशा ४९ चौकोनांना ४४१ ग्रॅम लागतील, त्यांपैकी सुमारे १७६ ग्रॅम शेवटच्या फेरीला. जोडणी आणि कडेची किनार धरून समान रंगाची २५० ग्रॅम लोकर हाताशी असलेली बरी. आपल्या पिशवीत एका रंगाची एवढी लोकर नसेल तर तेवढीच नवी आणावी, आणि एकदमच आणावी, कारण निराळ्या खेपेत रंगवलेल्या त्याच रंगाची छटा थोडी वेगळी येऊ शकते. एखादा तुकडा फेरीला पुरेल की नाही हे ओळखण्यासाठी पुष्कळ जणी उरलेल्या धाग्याच्या मध्यावर सैल गाठ मारतात आणि गाठ येण्याआधी ओळ संपली तर आणखी एक ओळ निघेल असे मानतात. आडव्या ओळींना हे बरोबर आहे, चौकोनाला नाही, कारण इथे पुढची फेरी नेहमी आधीच्या फेरीपेक्षा मोठी असते.

रंग बदलताना गाठ मारू नये. शेवटच्या खांबाचे शेवटचे दोन फास सुईवर असतानाच नवा रंग घेऊन त्यांतून ओढावा, म्हणजे जुन्या रंगाचा ठिपका नव्या फेरीत येत नाही. दोन्ही टोके १५ सेंटिमीटर तरी ठेवावीत. चार रंगांच्या एका चौकोनात आठ टोके होतात आणि ४९ चौकोनांत ३९२, म्हणून ती प्रत्येक चौकोन संपताच लपवावीत. साठवून ठेवली की पांघरूण तिथेच अडकते. नुसती खांबांखाली दाबून नेलेली टोके दोनचार धुण्यांत बाहेर येतात. मोठ्या नाकाच्या सुईत टोक ओवून खांबांच्या बुडातून एका दिशेने न्यावे, एक धागा ओलांडून उलट परत आणावे आणि पुन्हा एकदा पहिल्या दिशेने न्यावे, मग कापावे.

एवढे झाल्यावरही मीटरभराहून लहान तुकडे उरतील. त्यांचे गोंडे करता येतात, किंवा ते बारीक कापून टाचणीच्या उशीत भरता येतात. खेळण्यात भरू नयेत, कारण गडद तुकडे फिक्या विणीतून दिसतात आणि गाठी होतात. पक्ष्यांना घरट्यासाठी म्हणून ते बाहेर ठेवण्याचा सल्लाही कधीकधी दिला जातो; तसे मात्र कृपया करू नये, कारण लांब धागे पिलांच्या पायांना गुंडाळले जातात आणि सुटत नाहीत.