वाचकांचे प्रश्न : शर्यतीची मोटारसायकल

प्रश्न : मुलाला नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली. 200 सीसीची गाडी पहाटे त्र्यंबक रोडवर पळवतो आणि व्यावसायिक रेसर व्हायचं म्हणतो. नाशिकमध्ये डांबरी ट्रॅक नाही. सुरुवात कुठून करावी? – एक पालक, सातपूर

उत्तर : आधी त्र्यंबक रोड बंद करा. सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहेच, पण तिथे रेसिंगही शिकता येत नाही. रेसर दर फेरीला त्याच वळणावर, त्याच खुणेशी ब्रेक दाबायला शिकतो आणि खूण हातभर पुढे सरकवत जातो. समोरून एसटी येणाऱ्या रस्त्यावर हा सराव होऊच शकत नाही.

डांबरावर शर्यत करायची तर दक्षिणेत जावं लागेल : कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा 3.717 किलोमीटरचा ट्रॅक. तिथल्या रेसिंग स्कूलचा प्राथमिक वर्ग करा, मग एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटर स्पोर्ट्सच्या महासंघाचा, स्पर्धा परवाना काढा. आरटीओचं लायसन्स इथे चालत नाही. नवख्यासाठी वन-मेक शर्यत उत्तम. सगळ्यांना एकसारखी गाडी मिळते, त्यामुळे पैशापेक्षा चालवणारा दिसतो.

दुसरी वाट मातीची, आणि नाशिककराला तीच जवळची. डर्ट ट्रॅक, म्हणजे मातीचा ट्रॅक, आणि सुपरक्रॉस, म्हणजे उड्यांसाठी उंचवटे केलेल्या मातीच्या ट्रॅकवरची शर्यत. मागचं चाक घसरत असताना गाडी ताब्यात ठेवणं मातीत कमी वेगात शिकता येतं. हरिथ नोआ आधी सुपरक्रॉसचा राष्ट्रीय विजेता होता, नंतर 2024 च्या डकार या लांब पल्ल्याच्या वाळवंटी रॅलीत त्याने रॅली-2, म्हणजे अव्वल गटाखालचा, गट जिंकला.

पहिल्या वर्षी इंजिनावर एक रुपयाही घालू नका. आधी हेल्मेट, नडगी झाकणारे बूट, पाठीचं आणि छातीचं कवच, ग्लोव्हज. मग टायर, ब्रेक पॅड. सायलेन्सर सगळ्यात शेवटी. विमा मुद्दाम तपासा : गाडीच्या पॉलिसीतून शर्यत वगळलेली असते, अपघात विम्यातूनही बहुधा असतेच. आणि कॉलरबोन कधीतरी मोडणार, हे धरून चाला. बक्षिसांच्या रकमेवर घर चालत नाही. कंपनीच्या संघात पगारी जागा मोजक्याच असतात. म्हणून डिप्लोमा किंवा आयटीआय सोडू देऊ नका. सस्पेन्शन खोलता येणारा रायडर संघालाही हवा असतो.

प्रश्न : मोटोक्रॉसच्या (मातीच्या, चढउतारांच्या ट्रॅकवरची शर्यत) सरावात चार-पाच फेऱ्यांनंतर हात कोपरापासून दगडासारखे होतात, क्लच दाबला जात नाही. ताकद कमी पडते का? – एक वाचक, आडगाव

उत्तर : ताकद नाही, पकड चुकते आहे. हँडल सतत आवळून धरलं की स्नायू फुगतो, त्याभोवतीचं आवरण मात्र ताणलं जात नाही. आत दाब वाढून रक्ताचा प्रवाह अडतो. डंबेल्स वाढवून हे सुटत नाही. गाडी गुडघ्यांनी आणि घोट्यांनी धरा. क्लच-ब्रेकचे लिव्हर इतके खाली झुकवा की उभं राहून चालवताना बोटं, मनगट, कोपर एका रेषेत येतील.

तरीही त्रास राहिला तर सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं ते, मोजा. गाडी स्टँडवर, मागचं चाक हवेत : ॲक्सलपासून फेंडरवरच्या खुणेपर्यंत अंतर घ्या. मग गाडी स्टँडवरून उतरवून, पूर्ण पोशाखात बसून पुन्हा मोजा. मागे सुमारे 300 मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वर-खाली होण्याची मुभा) असलेल्या गाडीला फरक 100 च्या आसपास हवा. प्रीलोडने, म्हणजे स्प्रिंग आधीच कमी-जास्त दाबून, तो जुळवा. आता उतरून, गाडी फक्त स्वतःच्या वजनावर ठेवून मोजा : चाक हवेत असतानाच्या मापाशी फरक 30 ते 40 ठीक. इथे पुष्कळांची फसगत होते. हा आकडा 30 पेक्षा बराच कमी आला, तर स्प्रिंग कडक नसते, तुमच्या वजनाला मऊ असते. 100 गाठायला तुम्ही ती जास्त दाबलेली असते. अशा वेळी प्रीलोड फिरवत बसू नका, स्प्रिंग बदला.

आपल्याकडच्या मुरमाच्या धुळीत फोमचा एअर फिल्टर दर सरावानंतर धुवा, पूर्ण वाळवा, मगच तेल लावा. ओल्या फोमवर तेल धरत नाही आणि धूळ थेट सिलिंडरात जाते.

प्रश्न : ट्रॅकवर तपासणीत कूलंट काढून साधं पाणी का भरायला लावतात? – एक वाचक, अंबड

उत्तर : कूलंटमधलं ग्लायकोल डांबरावर सांडलं की पाण्यासारखं पटकन वाळत नाही, निसरडा थर राहतो आणि मागून येणारे पडतात. डिस्टिल्ड वॉटर भरा. तेलही सांडू नये म्हणून ऑइल ड्रेन बोल्टला आणि फिल्टरला लॉक-वायर (बोल्ट सैल होऊ न देणारी तार) अशी बांधा, की तारेची ओढ बोल्ट आवळण्याच्या दिशेने राहील. शर्यत झाली की पाणी काढून कूलंट पुन्हा भरा, नाहीतर वॉटर पंप आणि रेडिएटर आतून गंजतात.