ठाण्यात एमएस्सी करताना वाळवंटातल्या वन्यजीवांवर फिल्डवर्क कसं करता येईल?

माळढोकवर प्रबंध करायचा म्हणतेयस, तर आधी तो विचार बाजूला ठेव. जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात (3,162 चौ. किमी) मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्या कागदांतच तुझं एक सत्र जाईल. शिवाय पक्षी इतके थोडे उरलेत की दिसलाच तर नशीब, आकडेवारीचं तर विसरच.

त्यापेक्षा कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात सांडा हा विषय घे. हा शाकाहारी सरडा बिळात राहतो आणि संध्याकाळी आत शिरला की बिळाचं तोंड मातीने बुजवून टाकतो. त्यामुळे सकाळी उघडी आणि बंद बिळं मोजली तरी कामाची माहिती मिळते. शेजारी एक मीटरचा चौकोन आखून गवताची नोंद घे: कुठे गांडो बावळ (बाहेरून आलेली काटेरी विलायती बाभूळ) माजलाय, कुठे म्हशी चरतात. संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडेल. वनविभागाला मात्र इथेही आधी विचार, सीमेजवळ जायचं तर पोलिसांनाही.

गवत ओळखायचं तर पावसाळ्याच्या शेवटी जा. मे महिन्यात सगळी काडी सारखीच दिसते. मालधारींशी (तिथल्या पशुपालकांशी) बोलायला मोडकं गुजराती चालतं. आपल्याकडे ठाण्यात शिकवायला शेजारी कमी नाहीत! बांद्र्याहून भुजला थेट गाडी आहे.

मोजणीचा सराव मात्र इथेच कर. हिवाळ्यात भरतीच्या वेळी नेरूळच्या पाणथळीवर जा आणि रोहित (फ्लेमिंगो) मोजून बघ. एखादी मैत्रीण सोबत घे; दोघींनी वेगवेगळं मोजायचं, मग आकडे ताडायचे. किती फरक पडतो ते कळलं की गाइडसमोर बोलताना आवाज आपोआप खाली येतो.